तांब्याच्या पत्र्यावरचे बाबा

लायडन, ११ सप्टेंबर १६४३

पाव बंद! गोरगरिबांना चर्चचा फुकट पाव वाटणारे कारभारी इसब्रांट सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझा बाप सोंगाड्या आहे." आमच्या छापखान्याच्या मालकानं, योरिसनं, बाबांना भिकारी करून तांब्याच्या पत्र्यावर कोरलं आणि कागदावर काढलेला पहिला ठसा या कारभाऱ्यांना भेट दिला. ठशात बाबा डाव्या पायानं लंगडे. खरे लंगडे उजव्यानं. "पाय रोज बदलतो वाटतं म्हातारा!" रांगेतले भिकारीसुद्धा हसले.

अहो, छापताना डावं-उजवं उलटं होतं! बारा वर्षं मी त्या छापयंत्राचं चाक ओढतेय. ऐकेनातच. तेव्हा ठसा हिसकावला आणि फाडला टराटरा.

१२ सप्टेंबर

योरिसला म्हटलं, कारभाऱ्यांना एवढं समजावून सांगा.

"त्यांना चुकलात म्हणू? गिऱ्हाईक आहे ते माझं! आणि भिकाऱ्याचा पाय कोण बघतंय गं?"

वाटाण्याच्या एका वाडग्याच्या मोबदल्यात तीन दिवस चित्रासाठी बसवलं होतं बाबांना. याला सोडणार नाही.

१९ सप्टेंबर

बाबा नुसतं सलगम उकडलेलं पाणी पितात. म्हणतात, "जाऊ दे गं, माख्तेल्ट." का म्हणून जाऊ दे?

२४ सप्टेंबर

सुचलं! योरिस हार्लेमला गेलाय. ३ ऑक्टोबरच्या जत्रेसाठी बाबांच्या चित्राचे शंभर ठसे मीच काढायचेत. पत्र्यावरच्या भिकाऱ्याला योरिसचंच तोंड द्यायचं!

२९ सप्टेंबर

केलं. बाबांचा चेहरा आधी खरवडला, मग घोटून घोटून गुळगुळीत केला. मग सुईनं योरिस — लोंबता ओठ, भुवईवरचा मस. मस उलट्या बाजूला कोरलाय, म्हणजे छापात बरोबर येईल. परवाच्या परवा जत्रेत सारं गाव हेरिंग मासळी खाईल आणि त्याला बघून खिदळेल. किती गोड वाटतंय!

१ ऑक्टोबर

बाबा गेले. उपाशी. रडू येत नाही, नुसता संताप येतो. होऊच दे जत्रा.

२ ऑक्टोबर

योरिस आला होता. टोपी हातात, बाबांच्या पायाशी बराच वेळ उभा. "चुकलंच माझं. कारभाऱ्यांना सांगितलं मी सगळं, उशीर झाला. चेहरा मात्र मन लावून काढला होता गं. जत्रेचे ठसे राहू देत. पत्रा आण, एकच ठसा काढू — तुला ठेवायला."

बाबांचं दुसरं चित्र नाही; होता तो ठसा मीच फाडला. पत्रा दुकानात आहे, फडक्यात बांधलेला. त्यावर योरिस भीक मागतोय.