जागा एकाच गाण्याची

४ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जगभरातली गाणी निवडून त्यांची तबकडी आकाशात पाठवणार, म्हणजे इथे माणसं राहतात हे वरच्या कुणाला तरी कळावं, आणि निवडणाऱ्या पाच जणांत तू. आईला तीनदा वाचून दाखवलं. इथे शेजारच्याचं ऐकायला कुणाला वेळ नाही आणि तुम्ही वरच्यांना ऐकवताय. असो, पगार मिळतोय ना.

आई अंथरुणातच आहे. चार पावलं टाकली की धाप लागते. फार दिवस नाहीत म्हणतात, लपवून काय करू? दवाखान्याच्या धुलाईखान्यात तीस वर्षं ती जिथे चादरींच्या घड्या घालायची, तिथे आता मी उभी असते.

आई विचारते, साध्या बायकांची गाणी चालतात का? गाताना दम कमी पडला तर चालतं का? उत्तर खरं लिही आणि लवकर लिही.

लोभ आहेच, तो दाखवायला वेळ काढ.
तुझी ताई

१९ जून

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

उशीर झाला, रागावू नकोस. आईला सांग, कुणाचंही गाणं चालतं. टेपवर नाव नसतं, नुसता नंबर, त्यामुळे वशिल्याचं काम नाही. रोज साठ टेप ऐकतो. एकानेही फुली मारली की टेप बाद.

आईला हसवायला एक गंमत. परवा एका म्हातारीची टेप लागली. गाणं कमी, धापाच जास्त, आणि मागे कुणीतरी कपडे आपटतंय. अर्ध्या मिनिटात फुली मारली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, पुढे ऐकू या. मी म्हटलं, आपण गाणी निवडतोय, रोगी तपासत नाही. सगळे हसले.

सुटी मिळाली की येतोच. आईला जप, माझ्यावर माया ठेव.
धाकटा

२४ जून

धाकट्या, आशीर्वाद आहेत म्हणून लिहिते.

ती म्हातारी आपली आई.

कपडे कुणी आपटत नव्हतं. मी आणि माझी जोडीदारीण चादर झटकत होतो. त्या झटक्यावरच ते गाणं चालतं, त्याशिवाय आईला पुढची ओळ आठवत नाही. शिंप्याचं टेपयंत्र मागून आणलं होतं, आणि तुझ्या उत्तराची वाट न बघता टेप तुमच्या कचेरीला पाठवली. त्याला कळवू नकोस, चारचौघांत त्याला लाज नको, असं तिनंच बजावलं. तुला सहाव्या वर्षी शिकायला मामाकडे ठेवलं, गाणं विसरला असशील. पण आवाजही?

चूक माझीही आहे. मी अक्षर लावत लावत वाचते, वाक्य संपेपर्यंत अर्थ लागत नाही. आधी मनात वाचायचं सोडून तिच्या उशाशी बसून मोठ्यानं वाचत गेले. धापांपाशी थांबले, तर म्हणाली, वाच पुढे. सगळं वाचून घेतलं. मग म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. दम नव्हताच." आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस जेवली नाही.

आज लोभबिभ काही लिहीत नाही.
ताई

१ जुलै

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

बाद टेपांच्या खोलीत दिवसभर शोधून ती काढली. दार लावून पूर्ण ऐकली. सात मिनिटं. चौघांना सगळं सांगितलं. त्यांनीही शेवटपर्यंत ऐकली आणि घ्यायची ठरवली. यादी भरली होती, म्हणून एका नावाड्याचं गाणं काढून जागा केली. पंधरा तारखेला यादी बंद होते, त्याच दिवशी निघतो. आईला हे लगेच वाचून दाखव. तू शिव्या दे, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा धाकटा

८ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद.

आई गेली. रविवारी सकाळी. तार मुद्दाम केली नाही. तू हातातलं टाकून धावत आला असतास आणि यादी तशीच बंद झाली असती.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. या वेळी आधी मनात वाचलं, मग तिला. खूश झाली, खोटं नाही सांगत. मग नावाड्याची ओळ पुन्हा वाचायला लावली. तो म्हातारा आहे का, विचारलं. म्हटलं मला काय माहीत, मिळालंय तर गप घे. तर म्हणते, "त्याच्याही घरी कुणी पत्र वाचून दाखवत असेल. त्याला परत घ्या म्हणावं."

मी भांडले. तिच्याशी भांडायची ती वेळ होती का, पण भांडले. जन्मभर धुलाईखान्याच्या फाटकापलीकडे गेली नाही, तिचं गाणं तरी एवढं लांब जावं असं मला वाटत होतं. अजून वाटतं. तिनं ऐकलं नाही. शनिवारी माझा हात धरून शब्द घेतला आणि मगच सोडला.

तेव्हा नावाड्याला परत आत घे. चौघांना काय सांगायचं ते तू बघ. हे पत्र आत्ताच पेटीत टाकते, घरात राहिलं तर माझ्याच हातून फाटेल.

टेप पोस्टानं पाठवू नकोस, घेऊन ये.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. आता दोघंच उरलो, तुझ्याशिवाय मागू कुणाकडे?

तुझी ताई