बेसिनशेजारचं टेबल

३ फेब्रुवारी, सोमवार
आता यहयाभाईंनाही तोच जंतू! आधी केसरीनाथ, आता शेजारचा बेड. एकही अँटिबायोटिक लागू पडत नाही. शेवटचं एक उरलंय, तेही किडनीवर जातं. राउंडला डॉक्टर वैशाली सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दिपाली, आयसीयूची इन्चार्ज सिस्टर तू ना? मग हे आलं कुठून?"

तेवढ्यात केसरीनाथांची बायको दिसली — कमळबाई. अंजूरहून रोज येते. नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवत होती. मी ओरडलेच, "तुम्हीच आणता घाण बाहेरून!"

"ताई, हात धुतलंय मी. साबनानं."

बाहेर काढलं तिला. बाकड्यांवरची सगळी माणसं बघत होती.

४ फेब्रुवारी
भेटी बंद. कमळबाई दाराच्या काचेतून डोकावत होती. मी पडदा ओढला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आयसीयूतून घेतलेल्या नमुन्यांचे रिपोर्ट आले. जंतू आमच्याच बेसिनच्या जाळीत! कधीचं तुंबलंय ते. नळ सोडला की पाणी उडतं — शेजारच्या टेबलावर. तिथेच आम्ही इंजेक्शनं भरतो. जागा नाही म्हणून ते टेबल तिथे मीच लावून घेतलं. उडालेलं पाणी कितीदा पुसलंय मी, आणि पुढचं इंजेक्शन भरलंय. लिहितानाही लाज वाटते.

बेसिन बंद केलं, टेबल हलवलं. वैशाली मॅडम म्हणाल्या, "नातेवाइकांपर्यंत जाऊ देऊ नकोस हे."

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं! कसली बाई आहे मी.

८ फेब्रुवारी
त्या शेवटच्या औषधाने केसरीनाथांची लघवी जवळजवळ थांबलीय. कमळबाईला आत घेतलं, गाऊन मीच बांधला. सांगायचं होतं. तोंडातून निघालं एवढंच — "हात धरा त्यांचा." तर तीच मला म्हणाली, "उपकार झालं, ताई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० फेब्रुवारी, सोमवार
केसरीनाथ गेले.

कमळबाईला जिन्यात गाठलं. बेसिन, टेबल, मी — सगळं सांगितलं. वाटलं, थोबाडीत देईल. तर ती हळूच म्हणाली, "मंजे... माज्यामुलं न्हाय?"

१२ फेब्रुवारी
यहयाभाईंच्या बायकोला, सादियाला, आज सांगून टाकलं. मॅडमना विचारलं नाही. कमळबाईंनीच पाठवलं मला. केसरीनाथांच्या मृत्यूचे कागद न्यायला आल्या होत्या, म्हणाल्या, "त्या सादियालापन सांग, ताई. तिचा मानूस माज्यामुलं आजारी पडला, असा समजते ती. मी रोज तिची माफी मांगत व्हते."