सीझर घरीच करतोय

नाशिक,
श्रावणातला शनिवार

आदरणीय व्याही मोतीरामराव यांस, किशोर थेटे याचा इगतपुरीकडे तोंड करून वाकून नमस्कार. आपली तब्येत कशी आहे? गुरुवारी आमच्या जिन्यात आपण छातीवर हात ठेवून बसलात, ते पुढे काही वाढलं नाही ना? (नुसता दम असावा. लिफ्ट नेमकी त्याच दिवशी बंद होती, त्यात माझा काहीही हात नाही.) सिंधूताईंचा रक्तदाब आता खाली आला असेल. आला नसल्यास हे पत्र त्यांना इतक्यात देऊ नये. आमच्याकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. सौ. सविता बहिणीकडे नांदगावला गेली आहे, रोहित माझ्याशी कामापुरतंच बोलतो आणि तेजस्विनी आपल्याकडे आहे, तेव्हा खुशाल म्हणण्यासारखा मी एकटाच उरलो आहे. फोन न करता पत्र का, असं आपल्याला वाटेल. गुरुवारपासून फोनवर काही महत्त्वाचं बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे. उद्या सकाळी रोहित तिकडे येतोय, त्याच्या हाती देतो.

आपण चहा न घेता गेलात हे माझ्या मनाला फार लागलं आहे. व्याही दारात येतात आणि पाण्याच्या पेल्याला हात न लावता जातात, असं आमच्या घरात कधी झालं नाही. पण आपल्याला जे कळलं ते शेवटाकडून कळलं, म्हणून मी सुरुवातीपासून सांगतो.

झालं असं की तेजस्विनीला बरेच दिवस एक सॅलड खायचं होतं. सॅलड म्हणजे कोशिंबीर, पण चिरायचे कष्ट न घेतलेली. हॉटेलात ते मिळतं, पण त्यावरच्या पांढऱ्या रसात कच्चं अंडं असतं म्हणे. आमच्याकडे अंड्याचं कसं आहे ते आपल्याला ठाऊक आहेच: रोहित खातो, पण बाल्कनीत. तवाही बाल्कनीतच असतो आणि पावसाळ्यात बिचारा गंजतो. शिवाय श्रावण. तेव्हा तिने ठरवलं की घरीच करायचं, आणि अंड्याशिवाय. अंड्याच्या जागी चक्का, लसूण, लिंबू, मिरपूड, थोडं चीज आणि फेसलेली मोहरी. बाटलीतली मोहरी तिला आवडत नाही. गुरुवारी सकाळी ती मला म्हणाली, “बाबा, मला दुपारी मीटिंग आहे, तेवढी मोहरी तुम्ही फेसाल का? आणि पानं आणाल?” मोतीरामराव, आपणही निवृत्त आहात, तेव्हा समजून घ्याल. निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरात मला कोणी एक काम सांगितलेलं नव्हतं. सविता तर मी नुसता ओट्याजवळ उभा राहिलो तरी काय हवंय म्हणून विचारते. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की त्या पदार्थाचं नाव मी पुन्हा विचारून घेतलं आणि पाठ केलं. नाव सीझर.

आता इथेच थांबलो असतो तर आपल्यावर ही वेळ आली नसती. आपल्या दोघांच्या पिढीत सीझर म्हणजे एकच. अमकीचं नॉर्मल झालं आणि तमकीचं सीझर झालं, यापलीकडे या शब्दाचा आपल्या कानांशी काही संबंध नव्हता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण तेजस्विनीने त्याच्या मागे सॅलड लावलेलं असल्यामुळे माझ्या डोक्यात ते सॅलडच बसलं, आणि मग नुसतं सीझर म्हटलं तरी मला पानंच दिसायची. (रोहितला मी नंतर विचारलं की कोशिंबिरीला ऑपरेशनचं नाव का? तो म्हणाला, ऑपरेशनचं नाही. मग राजाचं का? तर राजाचंही नाही, मेक्सिकोत कोणी खानावळवाला होता त्याचं. म्हणजे एक राजा, एक खानावळवाला आणि एक ऑपरेशन, तिघांचं नाव एक. आमच्या एसटी स्टँडवर एका नावाच्या दोन गाड्या लागल्या तरी मी माईकवरून तीनतीनदा खुलासा करायचो.)

पानं आणायला मी हारुनभाईंकडे गेलो. हे आमच्या डेपोत ड्रायव्हर होते, आता मुलाबरोबर भाजीचं दुकान बघतात. तेजस्विनीने रोमेन नावाची पानं सांगितली होती. हारुनभाई म्हणाले, “रोमेन आज नाय आलं, आईसबर्ग हे, तेच घेऊन जा.” मला वाटलं तो जहाज बुडवणारा, पण निघाला कोबीसारखा गड्डा. कशाला हवाय म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आज घरी सूनबाईचं सीझर आहे. यावर हारुनभाईंनी माझे दोन्ही हात धरले, मला मिठी मारली आणि शेपूच्या दोन मोठ्या जुड्या पिशवीत कोंबल्या. “हे माझ्याकडून. आता शेपू लागतोच.” पैसेही घेईनात. मला वाटलं, यांच्या घरी सीझर नेहमी होत असेल, त्यांना माहिती आहे काय लागतं. एवढ्या साध्या कोशिंबिरीसाठी मिठी जरा जास्त वाटली, पण जुने सहकारी आहेत म्हणून मी सोडून दिलं.

घरी आलो तर तेजस्विनी आतल्या खोलीत दार लावून, कानांवर ते यंत्र चढवून मीटिंगला बसलेली. मी सविताचा ॲप्रन बांधला आणि मोहरी वाटायला घेतली. तेव्हा मला उमगलं की मोहरी फेसायची म्हणजे नक्की किती वेळ, हे मला माहीत नाही. सविताला विचारण्याची सोय नव्हती, कारण मी तिच्या मिक्सरला हात लावल्याचं तिला कळलं असतं. तेव्हा सिंधूताईंची आठवण झाली. त्यांच्या लोणच्यातली मोहरी मी खाल्ली आहे, तशी मोहरी नाशिक जिल्ह्यात कोणाला फेसता येत नाही. मी फोन लावला. तिकडे तुमच्या घाटातला पाऊस, आवाज तुटत होता, म्हणून मी माझा स्टँडवरचा आवाज लावला. मी जे बोललो ते अक्षरशः असं: “सिंधूताई, आज तेजस्विनीसाठी सीझर घरीच करतोय. सविता नांदगावला आहे, रोहित कंपनीत, मी एकटाच आहे. तिने सांगितलंय, सुरी अजिबात लावायची नाही, हातानेच फाडायचं. आता मोहरी किती वेळ फेसू तेवढं सांगा, बाकी सगळं मी बघतो.” (फाडायची ती पानं. सुरीने कापली की कडा काळ्या पडतात.)

रोहितकडून आता कळतंय की यातलं तिकडे पोचलं ते असं: तेजस्विनीचं सीझर, घरीच, मी एकटाच, सुरी नाही, हातानेच फाडायचं, बाकी सगळं मी बघतो. मोहरी पोचलीच नाही. पलीकडून एक किंकाळी ऐकू आली, ती मला रेंजची वाटली. मी हॅलो हॅलो म्हणून फोन खांद्याने दाबायला गेलो आणि तो घसरून चक्क्याच्या पातेल्यात पडला. आपण नंतर अनेक फोन केलेत म्हणे. ते सर्व चक्क्यात वाजत होते. रोहितचा फोन कंपनीच्या लॉकरात आणि तेजस्विनीचा मीटिंगमुळे मुका. पोरीला दिवस गेल्याचं आम्ही आपल्यापासून लपवलं, असंच आपल्याला वाटलं असणार. आपल्या मनाची त्या रस्त्यात काय अवस्था झाली असेल याचा मी रोज विचार करतो. भाड्याची जीप करून, त्या पावसात, घोटीचा टोलनाका ओलांडून आपण ज्या वेगाने आलात, त्याबद्दल एक एसटीवाला एका रेल्वेवाल्यासमोर मनापासून टोपी काढतो.

आता दार उघडल्यानंतरचं. मी रडत का होतो, हा आपला प्रश्न रास्त आहे. मोहरीने. मी ती फार वेळ फेसली होती आणि वास बघायला नाक भांड्यात घातलं होतं. डोळ्यांतून धारा, नाक लाल, बोलायला गेलो तर घसा बंद. अंगावर ॲप्रन, हातात पातेलं. सिंधूताईंनी विचारलं, “कुठंय माझी पोर?” मी खूप प्रयत्न करून दोनच शब्द काढू शकलो: “आत आहे.” आणि पुन्हा रडू लागलो. सिंधूताई उंबऱ्यावर खाली बसल्या. माझ्याने त्यांचा तो चेहरा अजून विसरवत नाही. तेवढ्यात आपली कन्या कानांवर यंत्र घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, आई, तू इथे कशी?

पुढचं आपण पाहिलंत, पण मला वाटतं आपलं लक्ष माझ्याकडे रागाने बघण्यात होतं, म्हणून लिहितो. सिंधूताईंनी पोरीला मिठी मारली तेव्हा त्यांच्या हातातली पिशवी उलटली. त्यातून धुरीची शेगडी, ओवा, बाळंतशेपा निघाला, आणि झबली. विकतची नव्हेत, हाताने शिवलेली, प्रत्येकावर वेगळ्या रंगाची काजटाके घातलेली कड. एका तासात एवढी शिवून होत नाहीत हे मलासुद्धा कळतं. तेजस्विनीने एक झबलं उचललं आणि कधीपासून शिवतेस म्हणून विचारलं. सिंधूताई म्हणाल्या, “दुपारी काही काम नसतं गं.” लग्नाला दोन वर्षं होऊन गेली, बायका पोरीला काय विचारतात ते मी ऐकतो, आणि आमच्या घरात हा विषय तिच्यापुढे काढायचा नाही असं मी सविताला बजावलेलं होतं. आणि तो काढला कोणी, तर मी, तोही माईकच्या आवाजात. मग आपण चला म्हणालात, आणि ती दोन कपडे भरून आपल्याबरोबर गेली. दारातून वळून मला एवढंच म्हणाली, “बाबा, चक्का फ्रिजमध्ये ठेवा.” हे वाक्य मी दोन दिवस घोळवतो आहे. यात राग आहे की नाही ते मला ठरवता येत नाही. रागावलेलं माणूस चक्क्याची काळजी करील का? पण मग ती गेली कशाला?

ती रागावली असली तर माझ्यावर रागावणं योग्यच आहे. मला भीती एवढीच वाटते की ती यापुढे मला स्वयंपाकघरात काही काम सांगणार नाही. बाकी तिला हवं तितके दिवस माहेरी राहू द्यावं. आमची काहीही घाई नाही.

आपला,
किशोर थेटे

ता. क. घाई आहे. सविता सोमवारी नांदगावहून येते आहे आणि तिला यातलं काहीही माहीत नाही. तिच्या आधी तेजस्विनी घरात दिसली पाहिजे. उद्याच रोहितबरोबर तिला पाठवलंत तर मी आपले उपकार विसरणार नाही. आणि एक झबलं सोफ्याखाली राहिलं होतं. ते मी माझ्या जुन्या गणवेशाच्या घडीत ठेवलं आहे. परत पाठवू की राहू देऊ, ते कळत नाही.

ता. क. २. सविताला कळलं आहे, तिचा रोहितला फोन आला होता. माझा फोनवरचा आवाज खालच्या मजल्यावरच्या गोजराबाईंनी ऐकला आणि त्यांनी नांदगावला फोन करून तिचं अभिनंदन केलं. ती उद्याच निघतेय, डिंकाचे लाडू घेऊन. तेव्हा आता एकट्या तेजस्विनीला पाठवू नका, आपण दोघंही या. एवढ्या माणसांसमोर ती मला कमी बोलेल. आणि या वेळी चहा घ्या.

ता. क. ३. फोन आज तांदळाच्या डब्यातून काढला, चालू झाला. (बोलताना लसणाचा वास येतो.) त्यावर तेजस्विनीचा निरोप आला आहे: “बाबा, आईने मोहरी फेसून दिलीय, घेऊन येते. उद्या आपण दोघं सीझर करू. लिंबं जरा जास्त आणून ठेवा, मला हल्ली खूप आंबट लागतं.” निरोप मी बऱ्याच वेळा वाचला. मी यातून काहीही अर्थ काढलेला नाही, आपणही काढू नये, आणि सिंधूताईंना पत्र द्यायच्या आधी हा ताजा कलम फाडून टाकावा. सुरी लावू नये, हातानेच फाडावा.