डोहाकाठची पट्टी अंबेरेला

अल्लाहचं नाव घेऊन सांगते. मी, नियामोये काराबेन्ता, वय सत्तेचाळीस, धंदा मासे धुरवून विकणे, राहणार सिनेदागा, नायजर नदीचा काठ. पोटातलं दुखणं बरं होणारं नाही, असं मोप्तीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे. डोकं मात्र जागेवर आहे. आजच बाजारात मी घासाघीस केली आणि जिंकले. कुणाच्या दबावाखाली नव्हे, राजीखुशीने हे मृत्युपत्र शाळेच्या मास्तरांकडून लिहवून घेत आहे.

१. माझे वारस दोन: मुलगी दादो आणि धाकटा भाऊ बामोये. घर, होडी आणि शिल्लक यांची वाटणी धर्माप्रमाणे होईल, त्यात मी हात घालत नाही. एवढंच सांगते, की होडी दादोच्या वाट्याला यावी. "बायका कुठे होडी हाकतात!" असं बामोये म्हणेल. त्याच्या हातात पहिल्यांदा वल्हं मी दिलं होतं.

२. धुराच्या भट्ट्या भावजय कुम्बाला. तिने भर बाजारात माझ्या माशांना ओलसर म्हटलं होतं. आता स्वतः धुरवून बघ म्हणावं. कुम्बा, बाभळीचं लाकूड वापरू नकोस, कडू धूर येतो.

३. वडिलांकडून मला मिळालेली डोहाकाठची जमिनीची पट्टी मी अंबेरे तेंबेली, दोगोन, कांदे पिकवणारा, याला देत आहे. वारस नसलेल्याला तिसऱ्या हिश्शापर्यंत देता येतं. भट्ट्या आणि पट्टी मिळून त्यात बसतात, हे इमामसाहेबांना विचारून घेतलं आहे.

कारण सांगते. पाणी-योजनेचा पंप आमच्या डोहावर बसायचा आहे आणि कालवा या पट्टीतून जायचा आहे. उन्हाळ्यात नदी उतरली की घोडामासा, आमच्या नदीतला लांबडा मासा, त्या एकाच डोहात जीव धरून राहतो. पूर आला की बाहेर पडून गवताचं तरंगतं घरटं बांधतो आणि अंड्यांजवळ कुणाला फिरकू देत नाही. माझ्या लहानपणी तो सगळ्या डोहांत होता. नदीच्या वरच्या अंगाच्या धरणाने जसजसा पूर अडवला, तसतसा तो एकेका डोहातून गेला. या डोहातलं पाणी उपसलं, तर पुरात बाहेर पडायला कुणी उरणार नाही.

बामोये गावच्या पाण्याचा राखणदार आहे. डोह कधी बंद, कधी खुला, हे तो ठरवतो. हा डोह त्याने बंद ठेवला आहे, आणि त्याची स्वतःची मुलंसुद्धा तिथे गळ टाकत नाहीत. पण साहेब लोक आले, त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि तो मान हलवत राहिला. रात्री माझ्याकडे येऊन रडला. "आक्का, सरकारी माणसाला नाही कसं म्हणू? म्हणतात बारमाही भात पिकेल. भात काय वाईट आहे?" भात वाईट नाही. माझा भाऊही वाईट नाही.

म्हणून अंबेरे. आम्ही नदीवरचे बोझो आणि ते शेती करणारे दोगोन, अशा या दोन जमाती एकमेकांना वाटेल तशा शिव्या देतात, पण एकमेकांवर हात उगारत नाहीत आणि एकमेकांची जमीन हिसकावत नाहीत. पूर्वजांनी दुष्काळात रक्ताने बांधलेली शपथ आहे ती. पट्टी दादोकडे ठेवली, तर तिला कुणीही धमकावेल. दोगोनच्या जमिनीतून कालवा खणायला सिनेदागातला एकही बोझो कुदळ उचलणार नाही, आणि इथे दुसरे मजूर नाहीत.

अंबेरेला बोलावून सांगितलं, तेव्हाचं बोलणंही लिहा म्हटलं. मास्तर म्हणाले, मृत्युपत्रात असलं लिहीत नाहीत. लिहा.

"मरतेयस म्हणे? खोटं. मासळीच्या वासाने मौतीचा फरिश्ता दारातूनच परत जाईल."

"तू कांदा खाऊन समोर बसलायस, म्हणून तो आत येत नाहीये."

"जमीन देतेस खरी. पण माझ्या कांद्याला पाणी लागेल, ते डोहातूनच काढणार मी. चालेल?"

याचा मी विचारच केला नव्हता. मग तोच म्हणाला, "भोपळ्याच्या तुंब्याने काढीन, माझ्या बापासारखा. यंत्र आणलं तर माशांनी मला खावं." मास्तर, ही अट म्हणून लिहा: पाणी तुंब्याने, यंत्राने नाही, आणि पट्टी विकायची नाही.

४. माझी कबर उंचावर खणा. रडायला कमी लोक आले तरी चालेल, पण दोगोन येऊन माझी टवाळी करतील, त्यांना पोटभर भात-मासा वाढा.

५. हे सगळं बामोयेला माझ्यासमोर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आक्का, मला बांधून टाकलंस तू."

मी म्हटलं, "वेड्या, सोडवलं. आता साहेबांना सांग, पट्टी दोगोनची आहे, माझा इलाज नाही. नाही म्हणायचं काम माझ्यावर ढकल. मेलेल्या बाईला कोण बोलवून खुर्ची देणार?"

तो हसला, आणि साहेबांकडे निरोप घेऊन स्वतःच निघाला. होडी माझी नेली आहे.

हे मला वाचून दाखवलं, बरोबर आहे.

नियामोये काराबेन्ता (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
बूबाकार सिनेन्ता, इमाम (सही)
हवा तिएन्ता, सुईण (अंगठा)

लिहिणार: लासाना कोने, शिक्षक (सही)

सिनेदागा, १२ जानेवारी २०१९. पूर ओसरतो आहे.