शुक्रवारी अडणारी पेटी

मोताळा,
७ डिसेंबर १९८७

ती. दादा,

अन्नपूर्णाचा नमस्कार. घरी सगळं ठीक. आईचा गुडघा थंडीने धरतो, पण शेकून घे म्हटलं की रागावते. जिनिंगमध्ये कापूस बख्खळ आलाय. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसला तू बसवलेली कंट्रोलची पेटी छान चालते, असं मागच्या दोन पत्रांत कळवलं होतं.

ते अर्धंच खरं होतं.

तू देखरेख माझ्यावर सोपवून पुण्याला गेलास आणि पेटी दर शुक्रवारी अडायला लागली. प्रेस अर्धा तास थांबली की बिघाड समजून ती स्वतःला कुलूप लावून घ्यायची, की दिवसभराचं काम ठप्प. पुण्यात हे चालत असेल. इथे प्रेसवाले शकूरचाचा तीस वर्षं शुक्रवारी दुपारी प्रेस बंद करून नमाजला जातात. "बेटा, हे पेटी जुम्म्यालेच काऊन रुसते वं?" ते मला विचारायचे. तिसऱ्या शुक्रवारी मालक पंजाबराव सगळ्यांदेखत म्हणाले, "शकूर, तुले नमाज पाह्यजे का नोकरी, सोमवारी सांग."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक आपल्या घरची होती.

तुला 'पेटी अडली' एवढीच तार केली. तुझं उत्तर आलं, 'हात लावू नकोस, संक्रांतीला येतो.' तुझा प्रोग्रॅम म्हणजे नुसते आकडे, तुझ्याशिवाय ते कोण वाचणार? माझ्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडेच असते. रविवारभर बसून मी सगळं फोर्थ नावाच्या कंप्युटरच्या भाषेत नव्याने लिहिलं. हो, तीच भाषा, जिला तू खेळणं म्हणतोस. तिच्यात आपले शब्द आपल्यालाच घडवता येतात. मी 'दाब', 'थांब', 'सोड' घडवले, आणि एक 'सुट्टी'. चाचांनी बटण दाबलं की ते येईपर्यंत पेटी वाट पाहते.

गेल्या सोमवारी सकाळी पेटीतली तुझ्या प्रोग्रॅमची चिप काढली, माझी बसवली. चाचांना 'दाब, थांब, सोड' ही ओळ वाचून दाखवली, तर म्हणाले, "ते थांब जरा लांबव, बेटा. गाठ फुगून राह्यली." लांबवलं. गाठ फुगायची थांबली. दादा, चौथी शिकलेल्या माणसाने प्रोग्रॅममधली चूक काढली! परवाच्या शुक्रवारी चाचा नमाजहून आले, तर पेटी वाट पाहत होती, आणि पंजाबरावांनी नोकरीचा विषय पुन्हा काढला नाही.

तुझ्यापासून लपवलं, त्याची माफी मागते. चिप बदलली, त्याची नाही.

संक्रांतीला पुण्याच्या तुझ्या साहेबांना पेटी दाखवायला आणणार आहेस ना, जरूर आण. तुझी चिप मात्र परत बसवू देणार नाही. पेटी तुझी, प्रोग्रॅम बहिणीचा, एवढं तूच त्यांना सांग. तुला जड गेलं, तर मी सांगेन.

तुझ्याकडूनच सोल्डरिंगचा डाग द्यायला शिकलेली, आणि या एका बाबतीत तुझं न ऐकणारी,
अन्नू