सोंडकिड्याच्या चार तसबिरी

वडवणी, शनिवार

राजमान्य भीमाशंकरआप्पांस, तुमच्या बहिणीचा नवरा विरुपाक्ष याचा शरणु शरणार्थी. आष्टीस सगळी मंडळी खुशाल असतील. तुमचा गुडघा कसा आहे? नीलम्माची तब्येत विचारत नाही. आठ दिवसांपूर्वी रागावून तुमच्याकडे निघाली तेव्हा उत्तम होती (आवाजावरून सांगतो).

तिनं सांगितलंच असेल, पण माझीही बाजू ऐका. हैदराबादेहून आणलेल्या माझ्या कॅमेऱ्याचा भाता पुरता लांबवला की मुंगी चिंचोक्याएवढी दिसते. एकदा पाहिलं की माणूस कामातून जातो, आप्पा! ज्वारीत पडतो ना, तो सोंडकिडा मी असा टिपला की त्याच्या सोंडेचा तोराच बघत राहावा. आनंद पोटात मावेना, म्हणून तसबीर दुकानात गादीच्या वर टांगली. (धान्याच्या दुकानात. आता कळतंय.) तेलगावचे सुंदरराव ज्वारी न्यायला गाडी घेऊन आले आणि वर बघून म्हणाले, "हे जनावर कुठलं हाय बे?" मी छाती फुगवून सांगितलं, "आपल्याच पोत्यातलं!" त्यांची गाडी समोरच्या दुकानाला लागली.

एवढंही नीलम्मानं सोसलं. पण तसबीर उतरवताना तिला मागं आणखी तीन सापडल्या. "किड्याच्या चार, अन् लग्नाला सा वर्सं झाली, माझी एक बी न्हाई! कावून?" मी म्हणालो, किडा गप बसतो, तू लई हलतेस. त्यावर तिनं गाठोडं बांधलं.

असो. माझं मागणं लहान आहे. ज्यांवर तसबीर उमटते त्या कॅमेऱ्याच्या काचांचा एक डबा तुमच्या ओळखीनं मिळाला तर पाठवावा. लेकरांना पापे.

आपला,
विरुपाक्ष

ता. क. काचांचं राहू द्या. सोमवारी मी नीलम्माला न्यायला येतोय. येशील का, एवढं तिला विचारून ठेवा. तिच्यावाचून घर खायला उठतं.

पुन्हा ता. क. ती गेल्यापासून परसातल्या नाकतोड्याची एक तसबीर धड आली नाही. वाऱ्यानं फांदी हलते अन् काचेवर नुसता धूर उमटतो. म्हणून जुन्या काढून पाहिल्या. सोंडकिडा ज्या दाण्यावर बसलाय, तो दाणा तिच्याच चिमटीत आहे. काच उघडी ठेवून मी आठ अंक मोजेपर्यंत ती चिमूट केसभरसुद्धा हललेली नाही. तिला हे मोठ्यानं वाचून दाखवा. त्या चारी तसबिरी सोबत पाठवतोय. म्हणावं, किडा सोडून बघ.