रिकामं देऊ नये

५ ऑक्टोबर
आले बाई नांदेडला. किल्लारीतून निघताना जीपवाल्यानं मला आणि माझ्या गाठोड्याला एकाच मापानं कोंबलं. पुढची एसटी त्यापेक्षा बरी, निदान पाय सोडता आले. गुडघे गेले म्हणून दयानंद न्यायला आला, नाहीतर मी कुठली हलते. चौथा मजला आहे, पण वर न्यायला लिफ्ट आहे. घर झाक आहे. सून मालविका कॉलेजात शिकवते. बोलणं मऊ, भाकरी मात्र जोड्याच्या तळव्यासारखी. नात मनस्विनी पाचवीत आहे. आम्ही तिला मनू म्हणतो. तिनं येताच अर्धापूरची केळी पुढ्यात ठेवली आणि बापाच्या हापिसातली ही डायरी हातात दिली. म्हणाली, आज्जी, रोज लिही, रविवारी मी तपासणार. मी म्हणाले, अगं माझी शाळा दुसरीतच सुटली. तर म्हणे, मग तिसरीपासून सुरू कर. मास्तरीण कुठली! वरचं वाचून तिनं लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि बाजूला फूल काढलं.

९ ऑक्टोबर
दिवसभर घर खाली असतं. तिघं सकाळीच जातात. मी, पंखा आणि समोरच्या गॅलरीतली कबुतरं. कुणाला शिव्या द्याव्यात तर माणूस नाही.
टीव्हीखाली देवाच्या जागी खेळाची मशीन ठेवलीत. एकावर एक, दोन. मनूनं सगळं समजावलं. मशीन एकच, पण कंपनी काही वर्षांनी तेच नव्यानं काढते. पहिलं ज्वारीच्या डब्याएवढं, चालू केलं की गिरणीसारखं घोंघावतं. मग कंपनीनं त्याच्या अंगातलं काढून दुसरं केलं, बारीक आणि गप. आता बाजारात तिसरं आलंय, त्याला तबकडी घालायचं तोंडच नाही. खेळ तेच. मी म्हणाले, दर खेपेला काहीतरी काढून घेतात आणि दाम वाढवतात, ही कला आपल्या सोनारालाही जमली नाही. मनू हसून लोळली.
नवं आलं की जुन्यातलं सगळं वायरनं नव्यात जातं म्हणे. कोण कोण खेळतं त्यांची नावंसुद्धा. मग जुनं पुसून द्यायचं. मी विचारलं, मग हा पहिला धोंडा घरात कामून? दयानंद म्हणाला, आई, तो आता कुणी घेत नाही, आणि टाकवतही नाही. का टाकवत नाही ते त्यालाही सांगता येईना.

१८ ऑक्टोबर
धनतेरस. दुकानवाला शिवप्पा स्वतः तिसरं मशीन घेऊन आला. दुसरं बदल्यात नेणार. मनूनं वायर लावून सगळं इकडचं तिकडं केलं आणि जुनं पुसायला बसली. मी हात धरला. आमच्यात शेजारणीचं भांडं परत करायचं असो की भांडेवालीला जुनं भांडं मोडीत द्यायचं असो, रिकामं देत नाहीत. चिमूटभर ज्वारी तरी घालतात. मनू म्हणाली, आज्जी, ह्यात ज्वारी घातली तर धूर निघंल. मी म्हणाले, मग दुसरं काहीतरी ठेव, पण सणाच्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत रिकामं जाणार नाही. तिनं विचार केला आणि आपलं नाव ठेवलं. बाकी सगळं पुसलं, नाव तेवढं आत. शिवप्पा कुरकुरला, आम्हाला पुसलेलंच लागतं. मी म्हणाले, गप घे, तुझ्या दुकानाचं भलंच हुईल. सगळे हसले. मनू सगळ्यात जास्त.

२३ ऑक्टोबर
भाऊबीज. मालविकेनं फराळाची ताटं केली, तीन. मी म्हणाले, आपण चार. ती दचकली. मग म्हणाली, हो की, विसरलेच. आई आहे का कोण!
नवं मशीन मनूला रोज नाव विचारतं म्हणे. ती रोज सांगते. ते रोज विसरतं.

६ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. गाडीवाला खाली थांबलाच नाही. फोन केला तर म्हणतो, त्या बिल्डिंगीत आपलं लेकरू नाही. सुट्टीच्या आधी रोज नेत होता, मुडदा. शेवटी दयानंद स्कूटरवर घेऊन निघाला. दुपारी पाहते तर पोर दाराबाहेर बसलेली. बाप तिला मागं बसवून थेट हापिसात गेला. उतरल्यावर तिला विचारलं, तू कुणाची गं? मग शिपायानं घरी आणून सोडलं.
संध्याकाळी मी त्याला सोलून काढला. तो तिला माफ कर म्हणाला, पण कसा? परक्याच्या लेकराला धक्का लागल्यावर म्हणतात तसा.
मनू माझ्या कुशीत शिरली. अंग हलकं लागलं. रिकाम्या चादरीच्या घडीसारखं.

१२ नोव्हेंबर
आज सुनेची भांड्याची मांडणी लावायला काढली. मागं एक पेला सापडला. त्यावर नाव घातलेलं. एकेक अक्षर लावून वाचलं — चि. मिहिर यास बारशानिमित्त आजी सिंधुबाई, किल्लारी.
सिंधुबाई मी. किल्लारीत दुसरी सिंधुबाई होती, ती भूकंपात गेली आणि तिला मूलबाळ नव्हतं.
माझा कोणी मिहिर नाही. मला एकच नात.
दयानंद म्हणाला, भंगारातून आला असंल. सून म्हणाली, दुकानदारानं चुकून दिला असंल. पण भूकंपानंतर ढिगारे उपसले तेव्हा मी होते. कुठलं घर कुणाचं, हे भिंतीनं सांगितलं नाही. भांड्यांनी सांगितलं. भांड्यावरचं नाव खोटं नसतं.

१३ नोव्हेंबर
दुपारी मनूकडून ते पहिलं जाडं मशीन लावून घेतलं. घोंघावलं. पडद्यावर खेळणाऱ्याचं नाव आलं. इंग्रजी होतं, मनूनं वाचलं. मनूचं नाव नव्यात गेलेलं, इथं नाही. एकच उरलेलं, मिहिर.
तिला विचारलं, हा कोण? तिला ठाऊक नाही. त्याच्या नावावर दाबलं तर एक मोकळं रान आलं, मधोमध एक पोरगं, आमच्याकडं पाठ करून उभं. मनू म्हणाली, आज्जी, रिमोटला मी हात लावलेला नाही. माझ्या बांगड्या वाजल्या. पोरानं मान वळवली.
दयानंदची जिवणी. माझ्या नवऱ्याचे कान.
मी वायर उपटली.
जुन्यात ज्याचं नाव राहतं तो जुन्याबरोबर राहतो. कळलं मला. उशिरा कळलं. आणि मनूचं नाव मी ठेवायला लावलं, मी.

१५ नोव्हेंबर
शिवप्पाच्या दुकानात गेले. म्हणाले, ते मशीन परत दे. त्यानं ते लातूरला कुणाला विकलेलं. माझ्यासमोर फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, हाव, आत एक मुलगी आहे, पुसायला गेलो तर पुसत नाही. लई छान खेळते. आमच्या लेकरांना लळा लागलाय.
मी फोनवरच त्यांच्या हातापाया पडले. मी! म्हणाले, घेऊन या. पुढच्या रविवारी आणतो म्हणाले. पत्ता दिला.

१८ नोव्हेंबर
मनू बोलते पण आवाज खोलीच्या बाहेर जात नाही. मालविका तिच्या अंगावरून कपडे वाळत घालते. आज तिच्या पलंगावर इस्त्रीचं टेबल ठेवलं. मी ओरडले. सून म्हणाली, आई, ही खोली रिकामीच तर आहे —
पोर कोपऱ्यात उभी होती. रडत नव्हती. म्हणाली, आज्जी, तू तरी लिहून ठेव.
लिहिते. मनस्विनी दयानंद. माझी नात. केळं सोलून आधी मला देते. डाव्या भुवईवर व्रण.

२० नोव्हेंबर
पहिल्या पानावरचं फूल नाही. बरोबरच्या खुणाही नाहीत. लाल पेन खोडलं तरी जात नसतं —
बाजारात गेले. ताट घेतलं, त्यावर नाव घालून घेतलं. मनस्विनी. ठोकणारा म्हणाला, आजीबाई, खोल ठोकू का? म्हणाले, आरपार जाऊ दे.
रविवारपर्यंत फक्त. ध्यानात ठेव सिंधे. रविवारी लातूरची माणसं येतील. दार उघड. मशीन घे. दार उघड —

२३ नोव्हेंबर
रविवार. बरं वाटत नाही, कामून ते कळत नाही. दुपारी लातूरचे नवराबायको आले. हातात कसलंसं मशीन. म्हणाले, तुम्हीच मागितलं होतं, तुमची मुलगी आत आहे. मी म्हणाले, आमच्यात मुलगी नाही. माझ्या लेकाला मूलबाळ नाही, कुणी सांगितलं तुम्हाला? ती बाई माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, तुमचा आवाज आल्यापासून आत लई धडपड करून राहिली हो ती.
दार लावून घेतलं. हल्ली लोक काहीही विकायला येतात.
गाठोड्यात एक नवं ताट निघालं. मनस्विनी. कुणाच्या लग्नाला घेतलं होतं?

२६ नोव्हेंबर
वेळ जात नाही म्हणून ह्या डायरीतली मागची पानं वाचली. अक्षर माझं. मनू, मनू. कोण ही पोर? एवढं कुणाबद्दल लिहीत होते मी?
छातीत कळ आहे. ताट पोटाशी घेऊन बसले की कमी होते.
केळी आणली. सोलून कुणीतरी देईल म्हणून बसून राहिले.

३ डिसेंबर
शिवप्पा आला. दीड महिन्यातच मशीन परत नव्यानं निघालंय म्हणे, आणखी बारीक. तिसरं तो घेऊन गेला. तो दाराबाहेर पडल्यावर दयानंद हसून म्हणाला, आई, ह्यावेळी तुला विचारायच्या आधीच केलं. तू म्हणतेस ना, घरातून काही रिकामं देऊ नये. म्हणून आत तुझं नाव —

डायरीत वाचलेलं आठवलं, धावले. लिफ्टनं खाली गेला शिवप्पा.

मालविकेनं पानं वाढली. दोन. मी हाक मारून राहिले. ती इकडं बघते, भिंतीकडं बघावं तसं —

माझं नाव लिहून ठेवते. किल्लारीची. दयानंदची आई. सिं